उंबऱ्याबाहेरची कमळं

या, जवळ या. तिकडे दाराशी कशाला बसता, वारा खारा आहे, डोळे झोंबतील. मठातल्या माई अजून गरम पाणी पिताहेत. त्यांचा गळा मोकळा होऊन बुद्धाच्या सूत्रांचं गाणं सुरू होईस्तोवर मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. एरवी ही गोष्ट माईच सांगतात, लाकडी ठोक्यावर ताल धरून, गाऊन, थडगी झाडायच्या दिवसांत. त्यांच्या गळ्याची सर माझ्या बोलण्याला कुठली? पण गोष्ट तीच आहे, आणि ऐकून उठाल तेव्हा रिकाम्या हातानं उठणार नाही, हा शब्द माझा.

आमच्या लिमकांग गावचे अध्यक्ष ओंग किमथो, त्यांची बायको सिउलान. ही गोष्ट तिची.

अध्यक्षाच्या बायकोला काय काम असतं, असं कुणी विचारलं तर सिउलान म्हणायची, "ते लग्नाला जातात, मी मयताला जाते." आणि ते खरंच होतं. किमथो मोठ्या आवाजाचा, हसरा माणूस. लग्नाच्या मांडवात बाराही टेबलांवर पेला उंचावून यायचा. पण रडणारं माणूस समोर आलं की त्याला काही सुचायचं नाही. चुकून "अभिनंदन" म्हणून बसेल अशी भीती. म्हणून निवडून आल्या दिवसापासून वाटणी झालेली. कुणाच्या दारात मयताचा मांडव लागला की दुसऱ्या सकाळी सिउलान तिथे हजर. नुसती उदबत्ती लावून, मान लववून मोटारीत बसणारी ती नव्हे. ती बायकांच्या घोळक्यात प्लॅस्टिकचं स्टूल ओढायची आणि पिवळ्या कागदाची कमळं वळायला बसायची.

प्रार्थना छापलेला तो पिवळा कागद. त्याच्या घड्या घालायच्या, एकात एक गुंफायच्या, मग अंगठ्यानं एकेक पाकळी उलटी काढायची. कमळं जाळली की गेलेला जीव त्यावर बसतो आणि अमिताभ बुद्धाच्या देशाला पोचतो. कमळ नसेल त्याला पायी जावं लागतं, आणि ती वाट लांबची. म्हणून आमच्याकडे शेजारणी वळायला येतात. पैशानं तयार आणलेली कमळं मिळतात हल्ली. पण ती म्हणजे भाड्याची पालखी. ज्या बाईनं तुमच्या माणसासाठी वळलं, तिच्या माणसासाठी तुम्ही वळायचं. कमळ कमळानंच फिटतं.

आणि वळताना बायका बोलतात. हात गुंतले की जीभ सुटते. कुणाच्या गल्लीतलं गटार तुंबलंय, कुठल्या म्हातारीचं पेन्शन अडलंय, बस शाळेपाशी थांबतच नाही. सिउलान ऐकायची, पाकळ्या काढायची, आणि रात्रीच्या जेवणाला नवऱ्याच्या ताटात मासा वाढता वाढता सगळं सांगायची. आठवड्याभरात गटार उपसलेलं असायचं. कालवं फोडणाऱ्या बायकांची एक पुढारी होती, बोंगची नावाची, जिभेनं सुरीपेक्षा धारदार, ती म्हणायची, "कचेरीत साहेब लोक चहा पितात. कारभार तर मेलेल्यांच्या दारात चालतो!"

आता गोष्टीतली दुसरी बाई. चिओक आजी.

चिओक बांधापलीकडे राहायची, कालवांच्या शिंपल्यांच्या ढिगाशेजारी. नवरा थियाम समुद्रावर जायचा, तरुणपणीच गेला. जुन्या स्मशानात, वाळूच्या उतारावर त्याला पुरलेला. त्याच्या थडग्यावर कोरलेली पाटी नव्हती, समुद्रातला एक काळा धोंडा होता फक्त. चिओकला तेवढा पुरे होता. दरवर्षी ती तिथलं गवत उपटायची, धोंडा धुवायची, आणि त्याला वर्षभराचं सगळं सांगायची.

किमथो पहिल्यांदा निवडून आला तेव्हा ते स्मशान हलवायचं ठरलं. तिथून रस्ता जायचा होता. ज्यानं त्यानं आपल्या माणसाची हाडं काढून अस्थी ठेवायच्या नव्या मनोऱ्यात नेऊन ठेवायची. ज्यांना कुणी विचारणारं नाही त्यांची हाडं बेवारशांच्या देवळीत एकत्र जायची. कचेरीनं फलक लावले. पण चिओकसारख्यांना वाचता कुठे येत होतं? म्हणून सिउलान दारोदार फिरली. चिओकच्या दारातही गेली. म्हणाली, "आजी, तिसऱ्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत काढून घ्या हं. मग यंत्रं लागणार."

"पंधराच्या आत. लक्षात आहे," चिओक म्हणाली.

आणि लक्षात ठेवलंही. फक्त चिओकचा महिना चंद्राचा होता. जन्मभर ती चंद्रावर जगली. भरती, ओहोटी, कालवांची काढणी, देवाचे वार, सगळं चंद्राचं. कचेरीचा महिना भिंतीवरच्या छापील कॅलेंडरचा. सिउलान शाळा शिकलेली. तारीख सांगताना कुठल्या कॅलेंडरची हे सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. चिओक हाडांसाठी नवं मडकं, लाल कापड आणि त्यांच्यावर ऊन पडू नये म्हणून छत्री घेऊन उतारावर पोचली, तेव्हा उतारच नव्हता. सपाट मुरूम होता आणि रोलर फिरत होता.

थियामची हाडं देवळीत गेली होती, शेकडो अनोळखी हाडांत. कुठली त्याची, हे सांगायला आता तो धोंडाही नव्हता.

सिउलान त्याच दिवशी तिच्याकडे धावली. रस्त्यावर गुडघे टेकून म्हणाली, "आजी, चूक माझी आहे. मी तारीख नीट सांगितली नाही."

चिओकनं तिच्याकडे बघितलं. "नवऱ्याचं पाप बायका डोक्यावर घेतात. नवं नाही ते. ऊठ, कपडे मळतील तुझे. त्यानं एक महिना आधी खणलं. चोरासारखं."

काही केल्या तिला पटलं नाही. तेव्हापासून दरवर्षी थडगी झाडायच्या दिवशी चिओक कचेरीच्या पायऱ्यांसमोर उभी राहायची आणि किमथोला शिव्याशाप द्यायची. "माझा माणूस गर्दीत हरवलास! तूही असाच हरवशील!" किमथो आत खिडकी लावून बसायचा. एकदा शिपाई तिला हाकलायला निघाला, तर सिउलाननं त्याचा हात धरला. "ओरडू दे. तिच्याकडे ओरडायला दुसरी जागा नाही."

आणखी एक झालं. आमच्यात घरचं माणूस गेलं की बायका केसांत पांढऱ्या लोकरीचा छोटा गोंडा लावतात. तो असेपर्यंत दुसऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, देवळात पाय ठेवायचा नाही. आपलं सुतक दुसऱ्याच्या घरात सांडू नये म्हणून. शंभर दिवसांनी गोंडा काढून जाळायचा. चिओकनं त्या दिवशी, इतक्या वर्षांनी, पुन्हा गोंडा लावला. "माझा माणूस जागेवर नाही. मग माझं सुतक संपलं कसं?" बायकांनी समजावलं, रागावल्या, पण गोंडा निघाला नाही. आधी पांढराशुभ्र, मग मळकट, मग करडा झाला. आणि या बाईनं पुन्हा कधी कुणाचा उंबरा ओलांडला नाही.

सिउलाननं देवळामागच्या कचेरीच्या खोलीत म्हाताऱ्यांसाठी दुपारचं जेवणघर सुरू केलं होतं. ज्यांची मुलं शहरात गेली, जे एकटे एकाच वाटीतली पेज दोन दिवस पुरवतात, त्यांनी एकत्र बसून गरम जेवावं म्हणून. त्या खोलीवर तिचा जीव होता. स्वतः भाजी चिरायची, कुणाला दात नाहीत, कुणाला मीठ चालत नाही, सगळं तोंडपाठ. चिओक तिथे येणार नाही, तर सिउलान डबा घेऊन बांधापलीकडे जायची. डबा उंबऱ्यावर ठेवायची. चिओक आत, ही बाहेर.

"अध्यक्षांच्या घरचा डबा मी खाणार नाही."

"कचेरीच्या तांदळाचा आहे, आजी. तुमच्याच कराचा."

"मग खाते. माझेच पैसे." आणि घास घेऊन, "मुळा खारट झालाय. सांग त्या नवऱ्याला, मुळ्यातही घोळ घालतो."

सिउलान हसायची. तिला माहीत होतं मुळा तिनंच केलाय. अशी वर्षं गेली.

मग किमथो गेला. दुसऱ्या वेळचा निवडून आलेला, धडधाकट माणूस, कचेरीच्या पायरीवर खाली बसला तो उठलाच नाही. चिओकनं त्याच पायरीसमोर शाप दिल्याला महिनाही झाला नव्हता. गावानं ते लगेच जोडलं. "म्हातारीनं खाल्लं त्याला." तिच्या दारावरून जाताना लोक थुंकायला लागले.

अध्यक्षाच्या मयताचा मांडव केवढा! अर्धा रस्ता व्यापलेला, पांढरी फुलं, पुढाऱ्यांच्या नावांच्या पट्ट्या. कमळं वळायला तर बायकांची रीघ; सिउलाननं ज्यांच्या ज्यांच्या दारात वळली होती, त्या सगळ्या फेडायला आलेल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवाच्या कडेबाहेर, गटाराच्या काठावर, करड्या गोंड्याची चिओक येऊन बसली. उन्हात. मांडीवर कागद.

बोंगची उसळली. "लाज आहे का? मारून वर बघायला आलीस?"

चिओकनं मान वर केली नाही. "मी शिव्या दिल्या त्या खुर्चीला. हा तर मेलेला माणूस आहे. सरक, ऊन अडवू नकोस, मला दिसत नाही घडी."

सिउलान पांढऱ्या कपड्यांत उठून मांडवाच्या कडेशी आली. तिच्या केसांतला गोंडा नवाकोरा. दोघी दोन्ही बाजूंनी बसल्या, मधे मांडवाची दोरी. चिओकची बोटं कालवांच्या कडांनी कापलेली, वाकडी. पण पाकळी कशी अलगद उलटत होती!

"आजी," सिउलान म्हणाली, "तुमच्या हातचं कमळ त्यांना लाभेल का? तुम्ही रागावलेल्या."

"राग माझ्याकडे ठेवलाय, कागदात घातला नाही." थोड्या वेळानं ती म्हणाली, "माझ्या वेळी कोण वळणार? थियामचा पुतण्या आहे, तो कारखान्यात. फेडशील?"

"फेडीन."

"बघ हं. शब्द दिलास. या खेपेला महिना कुठला ते आधी ठरवून घे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं ती गोष्ट थट्टेत काढली होती. सिउलानला रडू आलं ते तेव्हा. नवऱ्याच्या शवपेटीसमोर नव्हतं आलं.

आता ऐका पुढे. अध्यक्ष मधेच गेला की तीन महिन्यांत नवी निवडणूक. पक्षाचे कांगभाऊ, किमथोच्या प्रचाराचा सगळा भार वाहणारे, चाळीस दिवस व्हायच्या आत सिउलानच्या ओसरीवर येऊन बसले.

"वहिनी, तुम्ही उभं राहायचं."

"मला भाषण येत नाही, भाऊ."

"भाषणाची गरजच नाही. गाडीवर उभं राहायचं, हा गोंडा केसांत असू द्यायचा, मान लववायची. बास. लोक रडतील."

"गोंडा असताना मी कुणाच्या दारात जाऊ शकत नाही."

"दारात कशाला? गाडी रस्त्यानं जाते. रस्त्याला कुठे उंबरा असतो?" कांगभाऊ हसले, मग गंभीर झाले. "आणि तुम्ही नाही म्हणालात तर समोरचा ती देवळामागची खोली गोदामाला देणार. त्यानं बोलूनच दाखवलंय. तुमचे म्हातारे कुठे जेवतील?"

तिथे सिउलान अडकली. खुर्ची तिला नको होती. खोली हवी होती. तिनं होकार दिला. तिचा आवाज एका यंत्रात भरून घेतला. "मी सिउलान, किमथोंची बायको. त्यांचं राहिलेलं काम मला करू द्या." दहा वेळा भरला, कारण कांगभाऊंना तो पुरेसा ओला वाटत नव्हता.

आणि उमेदवारीचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसाला थोडे दिवस राहिले असताना डबा परत आला. बोंगचीची सून घेऊन गेली होती. "आजी दार उघडत नाहीत." दार उघडलं तेव्हा चिओक भिंतीला टेकून बसलेली होती. गेली होती.

पुतण्या शहरातून आला. भला पण गांगरलेला. पंचांगवाल्यानं पेटी उचलायला काढून दिलेल्या दिवसांतला सगळ्यात जवळचा त्यानं घेतला, आणि तो नेमका अर्जाचा शेवटचा दिवस निघाला. मांडव नाही, वाजंत्री नाही. आतल्या खोलीत पेटी, समोर एक उदबत्ती. गल्लीतल्या प्रत्येक दाराच्या चौकटीवर लाल कागदाचा तुकडा चिकटलेला, मयताची छाया आत येऊ नये म्हणून. त्या लाल तुकड्यांमागे सगळी गल्ली दडून बसली. वळायला कुणी आलं नाही.

सिउलाननं बोंगचीला विचारलं, "तू जाशील?"

"माझी सून पोटुशी आहे, वहिनी. मयताच्या घरी कशी जाऊ? त्यातून तिच्या." बोंगचीनं नजर चुकवली. "आणि तुम्ही तर विचारही करू नका. तुमच्या केसांत गोंडा. सुतकावर सुतक आदळलं की दोन्ही घरं बसतात. वर लोक काय म्हणतील? जिनं नवरा खाल्ला तिच्या दारात?"

दोन दिवस सिउलान घराबाहेर पडली नाही. स्वतःला सांगत राहिली की पुतण्या विकतची कमळं आणेल. शेजारणी शेवटच्या सकाळी तरी येतीलच. म्हाताऱ्यांचं जेवणघर वाचलं तर शब्द मोडल्याचं पाप फिटेल. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्याएवढा गोड वक्ता नाही. पण नवऱ्याच्या तसबिरीसमोर भाताची वाटी ठेवताना तिचा हात थांबे. त्याच्याबरोबर दिलेल्या कमळांत चिओकची होती. कुठल्या कमळावर तो बसला असेल? कोण जाणे.

त्या दिवशी सकाळी कांगभाऊंची गाडी यायच्या आधी तिनं कपाट उघडलं. किमथोच्या वेळचा उरलेला पिवळा कागद काढला. उरलेला मयताचा कागद घरात ठेवू नये म्हणतात. तिनं ठेवला होता. एका हातात कागद, एका हातात प्लॅस्टिकचं लाल स्टूल, आणि अध्यक्षीणबाई बांधापलीकडे चालत निघाली. लाल तुकड्यांच्या दारांमागून डोळे बघत होते. चिओकच्या दारासमोर, रस्त्याच्या मधोमध, तिनं स्टूल ठेवलं आणि बसली.

पुतण्या धावत बाहेर आला. "बाई, आत या, असं रस्त्यावर..."

"येता येत नाही, बाळा. केसांत गोंडा आहे. दार मात्र सताड उघड. तिला दिसू दे मी आलेय."

तो दार उघडून तसाच उभा राहिला. सिउलाननं पहिली घडी घातली.

तासाभरानं भोंगा ऐकू आला. बांधावरून प्रचाराची गाडी येत होती, पताका फडफडत, आणि भोंग्यातून तिचाच आवाज. "मी सिउलान, किमथोंची बायको. त्यांचं राहिलेलं काम मला करू द्या." रस्त्यात सिउलान बसलेली, आणि तिच्या अंगावर तिचाच ओला आवाज येतोय. तिनं मान खाली घातली, कानशिलं तापली. पण घडी सोडली नाही. गाडी तिच्यापासून दोन हातांवर थांबली. कांगभाऊंनी पांढरे हातमोजे घातलेला हात हलवून भोंगा बंद करवला.

"वहिनी, हे काय मांडलंय? पाचला कचेरी बंद होते. तुमची सही राहिलीय."

"पेटी दुपारी उचलतील, भाऊ. तोवर कमळं व्हायला हवीत."

"ती बाई तुमच्या नवऱ्याला शाप देत होती!"

"देत होती. मग त्याच्यासाठी वळायलाही आली होती. तुम्ही मांडवात होतात. बघितलंत."

"विकतची आणून देतो. खोकी भरून आणतो. तुम्ही गाडीत बसा."

"ती विकतची नव्हती."

कांगभाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली. "अहो, सुतकात हे चालत नाही. तुमच्या हातची कमळं तिला पोचायची नाहीत. गावभर होईल."

"तिच्या केसांतही गोंडा होता तेव्हा." सिउलाननं पहिल्यांदा वर बघितलं. "तिची पोचली नसतील, तर किमथो अजून वाटेतच उभे असतील. मला तसं वाटत नाही. तुम्हाला वाटतं?"

ड्रायव्हरनं गाडी उगाच गुरगुरवली.

"मी घरात शिरले नाही," ती हळूच म्हणाली. "रस्त्याला उंबरा नसतो. तुम्हीच सांगितलंत."

कांगभाऊंनी हातमोजे काढून खिशात घातले. वाईट माणूस नव्हे. किमथोच्या पेटीला त्यांनीच खांदा दिलेला. पण त्यांच्यामागे पक्ष होता, आणि पक्षाला पाच वाजतात. शेवटी म्हणाले, "मग मला दुसरा माणूस बघावा लागेल. जेवणघर बुडालं समजा, वहिनी. तुमच्या हातानं बुडालं."

"हो," सिउलान म्हणाली. एवढंच. गाडी मागे मागे जात बांधावर चढली. आणि मग मात्र घड्या चुकायला लागल्या. पाकळी उलटेना. एक कागद फाटला, दुसरा फाटला. देवळामागच्या खोलीतली बाकं, भिंतीवर टांगलेल्या वाट्या, दात नसलेल्या लिम आजोबांचं ते मऊ रताळं, सगळं डोळ्यांपुढे आलं. फाटके कागद तिनं मांडीवर नीट रचले. ते टाकायचे नसतात.

तेवढ्यात शेजारी एक स्टूल आपटलं.

"अशी वळतात होय? पाकळी आहे की कालवाचं टरफल?" बोंगची. मयताची छाया टाळायला घेतलेली वडाची पानं तिच्या खिशातून डोकावत होती, मनगटाला लाल दोरा, गळ्यात कसला तरी ताईत. जणू लढाईला निघालेली.

"तुझी सून पोटुशी आहे ना?"

"सून आहे, मी नाही. मी पण आत जाणार नाही. रस्त्यावर बसलेय. रस्त्यावर बसायला कुणाच्या बापाची परवानगी?" तिनं कागद ओढला. मग आवाज खाली आला. "माझ्या सासूच्या वेळी ही म्हातारी गटारापाशी बसून वळत होती. मी पाणीसुद्धा विचारलं नाही तिला. दे इकडे."

मग समोरचं दार करकरलं. मग त्याच्या पलीकडचं. चिओकनं कुणाकुणाच्या दारात, मांडवाच्या कडेबाहेर बसून वळली होती, हे त्या सकाळी ज्याच्या त्याच्या दारातून बाहेर आलं. कुणी मोडकी खुर्ची आणली, कुणी कालवं फोडायचा ओंडका. दुपारपर्यंत रस्ता अडला. बस मागे वळवावी लागली. आणि बसच्या ड्रायव्हरनं शिव्या दिल्या नाहीत, टोपी काढली.

मठातल्या माई आल्या त्या आत जाऊन पेटीपाशी बसल्या. वळणाऱ्या बायकांपैकी एकीनं दाराबाहेरून विचारलंच, "माई, सुतकातल्या हातची चालतील का हो?" माईंनी ठोक्यावर ताल धरला आणि गायला लागल्या:

कमळ पुसेना चिखला, कुणा पायीचा तू गाळ
होडी पुसेना वाटसरा, कुठे सरला तुझा काळ
बसा बसा गे बाई, आता पाय दुखू देऊ नका
दूर नाही तो किनारा, नाम घेत मारा हाका

रस्त्यावरच्या बायकांनी नाम उचललं. अमिताभ, अमिताभ. ऊन, खारा वारा, पिवळे कागद, आणि तो सूर. मी होते तिथे. तेव्हापासून कुठलंही गाणं ऐकलं तरी त्याच्याखालून मला तो सूर ऐकू येतो.

पेटी बंद करायच्या आधी बोंगची दारापर्यंत गेली आणि वळून सिउलानला म्हणाली, "पुतण्या विचारतोय, हिच्या केसांतली लोकर राहू द्यायची की काढायची?"

सिउलाननं हातातलं कमळ पुरं केलं. मग म्हणाली, "काढायला सांग. सुतक माणूस जागेवर नाही म्हणून होतं. आता ती त्याच्याकडेच निघालीय. त्या गर्दीत तिला तो सापडेल. तिला सापडणार नाही तर कुणाला?"

तो करडा गोंडा पुतण्यानं बाहेर आणला आणि कमळांच्या ढिगावर ठेवला. फाटलेले कागदही त्यावर, आणि ढीग पेटवला. ज्वाळा उंच गेली नाही, सरळ गेली. पाच वाजले तेव्हा कचेरीचं दार बंद झालं असणार. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.

निवडणुकीत दुसराच निवडून आला, आणि खोली गोदामाला गेली. त्यात काही खोटं नाही. सिउलाननं जे सोडलं ते सुटलंच. बाकं तिनं आणि बोंगचीनं ढकलगाडीवर घालून आणली आणि बोंगचीच्या कालवांच्या शेडपुढे, रस्त्याच्या कडेला, मांडवाच्या जुन्या ताडपत्रीखाली मांडली. पहिल्या पावसाळ्यात लिम आजोबांच्या वाटीत पावसाचं पाणी पडलं, तर ते म्हणाले, "सूप वाढलं वाटतं." पण तिथे एक गंमत झाली. ताडपत्रीला उंबरा नव्हता. ज्यांच्या केसांत गोंडा, बाहीवर सुतकाची पट्टी, जे कुणाच्या घरी जाऊ शकत नाहीत आणि एकटे जेवतात, ते सगळे तिथे येऊन बसू लागले. आधीच्या खोलीत हे कधी जमलंच नव्हतं. शंभर दिवस झाल्यावर सिउलाननं आपला गोंडा जाळला. ताडपत्री मात्र तिनं शेवटपर्यंत हलवू दिली नाही. भिंत घालून द्यायला पुढे कितीतरी पुढारी आले. ती म्हणायची, "भिंत घाला हवी तर, उंबरा नको."

थडगी झाडायच्या दिवशी ती किमथोच्या मनोऱ्यावर जायची, आणि मग तिथून बेवारशांच्या देवळीवर, जिथे पुतण्यानं चिओकलाही थियामजवळ ठेवलं होतं. तिथे चिओकची कमळं ठेवायची, आणि थियामची. थियामच्या वेळी तिनं वळलेली नव्हती ना. ती उशिरानं, एकेक करून, चंद्राच्या महिन्यानं.

सिउलानही आता नाही. तिला आठवणारे पुष्कळ आहेत. ताडपत्रीखाली जेवलेलं प्रत्येक माणूस तिचं नाव घेतं. चिओकलाही माई गाण्यात घेतात. ते बघा, माईंनी ठोका हातात घेतला. तेव्हा एवढंच मागणं आहे: आज गाणं सुरू झालं, नाम उचलाल तेव्हा, त्या थियामला आठवा. काळ्या धोंड्याखालचा, समुद्रावर जाणारा, ज्याची हाडं कुणालाच ओळखता आली नाहीत तो. तुम्ही त्याला बघितलेलं नाही. मीही नाही. तरी एकदा त्याचं नाव घ्या.